बिलावरचं नाव आणि डब्यातलं दूध: मोरिनागा प्रकरण, जपान १९५५

१९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानमधल्या दवाखान्यांत एक न कळणारा आजार दिसू लागला. आजारी पडत होती ती सगळी तान्ही बाळं. ताप हटायचा नाही, जुलाब आणि उलट्या थांबायच्या नाहीत, पोट फुगलेलं, हाताला यकृत वाढल्याचं लागायचं, रक्त कमी झालेलं, आणि अंगाचा रंग दिवसागणिक काळवंडत चाललेला. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून आधी उन्हाळी जुलाब, मग कुठलासा संसर्ग असे अंदाज झाले. औषधांनी उतार पडेना. ओकायामा, हिरोशिमा, ओसाका, क्योतो, ह्योगो अशा जिल्ह्यांत रुग्ण वाढत होते. राजधानी तोक्योकडे मात्र तसं काही नव्हतं.

या बाळांत सारखं असं एकच होतं. ती अंगावरच्या दुधावर नव्हती, वरच्या दुधावर होती, आणि ते वरचं दूध मोरिनागा कंपनीच्या 'एमएफ' डब्यातल्या पावडरीचं होतं. ओकायामा विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ प्राध्यापक एइजी हामामोतो यांनी हा धागा धरला. त्याच विद्यापीठाच्या न्यायवैद्यक विभागात पावडर तपासली गेली आणि तिच्यात आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला सोमल, निघाला. २४ ऑगस्ट १९५५ रोजी ही गोष्ट जाहीर झाली आणि डबे बाजारातून परत मागवायला सुरुवात झाली. तोवर बारा हजारांहून अधिक बाळं आजारी पडली होती. पुढच्या वर्षीच्या मध्यापर्यंत सरकारी नोंदीत मृत्यूंचा आकडा १३० च्या घरात गेला.

डब्यातल्या दुधात जड धातू म्हटलं की आपलं लक्ष आधी डब्याकडे जातं. ते अगदीच चूक नाही. जुन्या पत्र्याच्या डब्यांची शिवण शिशाच्या डाकाने बंद करत आणि ते शिसं आतल्या पदार्थात उतरायचं. त्यामुळेच ती पद्धत पुढे बंद पडत गेली. या प्रकरणात मात्र डबा निर्दोष होता. गाईही निर्दोष होत्या, त्यांचा चारा-पाणीही. (आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नाही, उपधातू आहे, पण अन्नसुरक्षेच्या हिशेबात ते शिसं, कॅडमियम आणि पाऱ्याच्या रांगेतच बसतं.) दुधात विष आलं ते दूध चांगलं दिसावं म्हणून घातलेल्या एका पांढऱ्या क्षारातून.

दुधात फॉस्फेट कशाला?

दूध गोळा होऊन कारखान्यात पोचेपर्यंत वेळ जातो, आणि वेळ जाईल तशी त्याची आम्लता चढते. आम्लता चढलेलं दूध तापवलं की प्रथिनं गोळा होऊ लागतात. अगदी फाटलं नाही तरी त्याची पावडर नीट विरघळत नाही. बाटलीत गुठळ्या राहतात, तळाशी कण बसतात. आपल्याकडे दूध डेअरीच्या डॉकवर, म्हणजे उतरवून घेण्याच्या फलाटावर, आलं की अल्कोहोल टेस्ट घेतात, उकळून पाहतात, ते याच कारणासाठी. जे दूध उकळीला टिकणार नाही ते परत पाठवायचं, हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे त्यात असं काही घालायचं की ते टिकेल.

डायसोडियम फॉस्फेट हे ते 'काही'. ते आम्लता सावरतं, कॅल्शियमला धरून ठेवतं, प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. शुद्ध असेल तर त्यात धोका नाही. दुकानातल्या प्रोसेस्ड चीजचं पाकीट उलटून घटकांची यादी वाचली तर ३३९ हा आकडा पुष्कळदा सापडतो. तो सोडियम फॉस्फेटांचाच. मोरिनागाच्या तोकुशिमा इथल्या कारखान्यात १९५३ पासून हे फॉस्फेट वापरात होतं. शिकोकू बेटावरच्या या कारखान्याचा माल पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत जायचा. आजाराचा नकाशा तसा का होता, याचं उत्तर एवढ्यात आलं.

इथे जरा थांबलं पाहिजे. बाळाच्या दुधात फॉस्फेट घालण्याची गरज का पडली, हा प्रश्न खटल्याच्या गदारोळात थोडा मागे पडतो. ताजं, गार ठेवलेलं, वेळेत पोचलेलं दूध असतं तर त्याची गरज इतकी भासली नसती. दूध कमअस्सल होतं, ते रसायनाने सावरलं जात होतं, आणि हे सावरणं रोजच्या कामाचा भाग झालं होतं. रोजच्या कामाचा भाग झालेल्या वस्तूची खरेदी कशी होते हे कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला ठाऊक असतं: मागच्या वेळी मागवली तशीच, त्याच व्यापाऱ्याकडून, शक्यतो थोडी स्वस्तात.

बॉक्साइटमधून दुधात

१९५५ च्या वसंतात तोकुशिमात जो माल आला त्याच्या बिलावर नाव डायसोडियम फॉस्फेट असंच होतं. आतला पदार्थ मात्र वेगळ्या घरचा होता.

अॅल्युमिनियम बनवायला बॉक्साइट लागतो. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीच्या डोंगरातून काढलेला हा तांबूस दगड बेळगावच्या कारखान्याला जात आला आहे, त्यामुळे तो काही परका नाही. हा दगड दळून कडक कास्टिक सोड्यात शिजवतात. अॅल्युमिना विरघळतं, लाल गाळ मागे राहतो. पण दगडात अॅल्युमिनियमशिवाय फॉस्फरस, व्हॅनेडियम आणि आर्सेनिकही थोडं थोडं असतं. तेही कास्टिकमध्ये उतरतं. तेच द्रावण पुनःपुन्हा वापरल्याने हे क्षार साचत जातात आणि कधीतरी खडे होऊन बाहेर पडतात. ते काढावेच लागतात. काढलेल्या या मळीचं करायचं काय, हा प्रत्येक अॅल्युमिना कारखान्यापुढचा प्रश्न असतो, आणि कोणी ती विकत घेणारा भेटला तर आनंदच होतो.

निप्पोन लाइट मेटलच्या शिमिझू इथल्या कारखान्यातली अशीच मळी विकली गेली. मधल्या रसायन-व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरताना तिच्यावर थोडी प्रक्रिया झाली, रंग काढला गेला, पांढरे स्फटिक तयार झाले, आणि शेवटच्या व्यापाऱ्याने ते डायसोडियम फॉस्फेट म्हणून दूध कारखान्याला दिले. साखळीतल्या प्रत्येकाने आधीच्याकडून काहीतरी घेतलं, पुढच्याला काहीतरी दिलं. यातल्या पहिल्या टोकाला माल दुधात जाणार हे ठाऊक नव्हतं. शेवटच्या टोकाला माल कुठून आला हे ठाऊक नव्हतं.

आता रसायनशास्त्राचा एक मुद्दा, कारण तो कळल्याशिवाय फसवणूक इतकी बेमालूम कशी झाली ते कळत नाही. आवर्तसारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या बरोबर खाली बसतं. दोघांच्या क्षारांची ठेवण इतकी सारखी की एकाच्या स्फटिकात दुसरा सहज सामावतो. मित्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ च्या सुमारास समरूपतेचा नियम मांडला, तो फॉस्फेट आणि आर्सेनेट (आर्सेनिकचा क्षार) यांचे स्फटिक शेजारी ठेवूनच. म्हणजे विरघळवा, गाळा, पुन्हा स्फटिक करा, माल शुभ्र होईल. आर्सेनिक फॉस्फेटच्या सोबतच राहील. डोळ्याला, बोटांना, वासाला काहीही कळणार नाही. आणि शरीरालाही पहिल्यांदा कळत नाही: आर्सेनेट पेशीत शिरतं ते फॉस्फेटच्याच दारातून, आणि फॉस्फेटच्या जागी बसून पेशीचं ऊर्जेचं कामकाज बिघडवतं.

डोळ्याला कळत नसलं तरी परीक्षेला कळत होतं. आर्सेनिक ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ पासून जगाला माहीत आहे. १९५५ च्या जपानमध्ये साध्या प्रयोगशाळेतही ते जमण्यासारखं होतं. आणि ते एका ठिकाणी झालंही. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या सेंदाई विभागाने याच घरचा माल इंजिनांचे बॉयलर साफ करण्यासाठी घेतला होता. त्यांनी वापरण्याआधी तो तपासला, आर्सेनिक निघालं, माल परत केला. लोखंडी बॉयलरसाठी मागवलेलं रसायन तपासलं गेलं आणि तान्ह्या बाळांच्या दुधासाठी मागवलेलं तपासलं गेलं नाही. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात बोचणारा तपशील हाच. रेल्वेवाले फार दक्ष होते असं नव्हे. खरेदी केलेला माल तपासून घ्यायचा एवढा त्यांचा रिवाज होता.

पावडरीत आर्सेनिकचं प्रमाण किलोला साधारण वीस-तीस मिलिग्रॅम होतं. हिशेब करून पाहू. बाळाच्या पोटात दिवसाला शंभर ग्रॅम पावडर जाते असं धरलं आणि प्रमाण पंचवीस धरलं, तर रोज अडीच मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची आजची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेवर असलेलं अडीचशे लिटर पाणी रोज प्यायल्यासारखं, आणि तेही पाच-सहा किलो वजनाच्या जिवाने. मोठा माणूस भात खातो, मासे खातो, चार ठिकाणचं पाणी पितो. एका पदार्थात विष असलं तरी बाकीच्यांमुळे ते थोडं पातळ होतं. वरच्या दुधावरच्या बाळाचं सगळं अन्न एका डब्यात असतं.

'बरी झाली' असा शिक्का

कारण सापडल्यावर पुढचं चित्र झपाट्याने बदलायला हवं होतं. तसं झालं नाही, आणि इथून हे प्रकरण अन्नतंत्राच्या हातून निसटून दुसरीकडेच जातं.

१९५५ च्या अखेरीस आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने नेमलेल्या पाच जणांच्या समितीने नुकसानभरपाईचा आकडा ठरवून दिला: दगावलेल्या बाळामागे अडीच लाख येन, आजारी पडलेल्यामागे दहा हजार येन. पुढे काही दुखणं राहील का, या प्रश्नावर समितीचं मत असं की तशी काळजी जवळपास नाही. उपचाराचे आणि बरं झाल्याचे निकष ओसाका विद्यापीठातले प्राध्यापक निशिझावा यांच्या समितीने बांधले होते. १९५६ मध्ये ठिकठिकाणी बाळांची तपासणी झाली आणि जवळजवळ सगळी बरी झाल्याचं लिहिलं गेलं. आई-वडिलांची देशव्यापी संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली.

इतक्या लहान बाळाची तपासणी करून मेंदूवर परिणाम झालेला नाही असं सांगणं कितपत शक्य आहे? बोलणं उशिरा येणं, शाळेत मागे पडणं, ऐकू कमी येणं, फिट्स सुरू होणं, हे सगळं कळायला वर्षं जावी लागतात. आज हे साधं वाटतं. तेव्हाही बालरोगतज्ज्ञाला ते अवघड नसावं. तरी प्रकरण मिटवण्याची घाई सगळ्यांनाच होती. कंपनीला बाजारात परतायचं होतं, सरकारला विषय संपवायचा होता, आणि बऱ्याच आई-वडिलांनाही मूल बरं झालंय हेच ऐकायचं होतं. बरी झाली असा कागद मिळाला की पुढे कुठलंही दुखणं आलं तरी ते 'जन्मतःच' किंवा 'घराण्यातलं' ठरायला मोकळं.

सगळ्यांनी तो कागद मान्य केला नाही. ओकायामामध्ये तेत्सुओ ओकाझाकी आणि त्यांच्यासारखे थोडे पालक एकत्र राहिले. ओकाझाकी स्वतः बाधित बाळाचे वडील. त्यांनी मुलांच्या रक्षणासाठी जिल्ह्यापुरती संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं, कोणी विचारत नसताना, ती तगवून धरली. या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार काही घडलं नाही, म्हणून तो सगळीकडे दोन ओळींत उरकतो. पण तेरा वर्षं नोंदी, पत्ते आणि आपसांतले संबंध जपणारं कोणी नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आयांची गोष्ट वेगळीच होती. पुढे वकील त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांना कंपनीबद्दल संतापाचं बोलणं फारसं ऐकू आलं नाही. आया स्वतःलाच दोष देत होत्या. मला दूध आलं नाही; बाळ बाटली झिडकारत होतं तरी मी जबरदस्तीने पाजली; अशक्त होतंय म्हणून जास्त पाजली. डब्यावर छापलेलं सगळं तंतोतंत पाळणाऱ्या आईच्या बाळाला विष सगळ्यात जास्त गेलं असणार, ही यातली भयंकर गोष्ट.

चौदा वर्षांनी

१९६० च्या दशकाच्या अखेरीस ओसाकाजवळच्या अपंग मुलांच्या एका शाळेतल्या परिचारिकेच्या ध्यानात आलं की आपल्याकडचा एक विद्यार्थी मोरिनागाच्या दुधावरचा होता. तिने इतरांची चौकशी सुरू केली. ही गोष्ट ओसाका विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक असलेले हिरोशी मारुयामा यांच्यापर्यंत गेली. त्यांच्याभोवती शाळांतल्या परिचारिका, आरोग्यसेविका, विद्यार्थी असा गट जमला. त्यांनी जुन्या याद्या मिळवल्या आणि घरोघर जाऊन सुमारे सत्तर मुलांची माहिती लिहून काढली. ही मुलं आता चौदा वर्षांची झाली होती.

पद्धत म्हणून पाहिलं तर हा अभ्यास साधा होता. तुलनेसाठी निरोगी मुलांचा गट नाही, नमुना निवडण्याचं शास्त्र नाही. त्यावर बोट ठेवणारे निघाले आणि त्यांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटाही नव्हता. पण ज्या मुलांना कागदोपत्री काहीच झालेलं नव्हतं, त्यांच्या घरात फिट्स, मतिमंदत्व, कमी ऐकू येणं, सारखं आजारपण, शाळेत न झेपणं असं दार उघडताच दिसत होतं. आधी पाहायचं आणि मग मोजायचं, हा क्रम इथे बरोबर होता. मोजणाऱ्यांनी आधी पाहिलंच नव्हतं.

'चौदा वर्षांनंतरची भेट' या नावाने हा अहवाल ऑक्टोबर १९६९ मध्ये वर्तमानपत्रांत आला आणि त्याच महिन्यात सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेत मांडला गेला. परिषद भरली होती ओकायामात. महिन्याभरात पालकांची संघटना पुन्हा देशपातळीवर उभी राहिली.

काळही बदलला होता. १९५५ मध्ये औद्योगिक विषबाधा म्हणजे काय हे जपानच्या सामान्य माणसाला फारसं ठाऊक नव्हतं. मिनामाता शहरातला पाऱ्याचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला तो १९५६ मध्ये. १९६८ मध्ये कानेमी कंपनीच्या तांदळाच्या तेलातून पीसीबी या औद्योगिक रसायनाची विषबाधा झाली. सत्तरीच्या सुरुवातीला प्रदूषणाच्या मोठ्या खटल्यांचे निकाल कंपन्यांच्या विरोधात जाऊ लागले होते. त्यामुळे मोरिनागाच्या मालावर बहिष्काराची हाक आली तेव्हा ती एकट्या पालकांची राहिली नाही.

कोर्टापुढचा प्रश्न: शंका कधी यायला हवी?

फौजदारी खटला तोकुशिमाच्या जिल्हा न्यायालयात चालला. आरोपी कारखान्याचे, कंपनीच्या वरच्या खुर्च्यांवरचे नव्हेत. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी सगळे सुटले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: त्यांनी डायसोडियम फॉस्फेट मागवलं, त्याच नावाने माल आला, त्या नावाखाली आर्सेनिकवालं भलतंच काही येईल असं त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं. जे कल्पनेतच नव्हतं त्यासाठी हलगर्जीपणाचा ठपका कसा ठेवायचा?

ऐकायला हे पटतं. माझी खात्री आहे की खरेदी विभागात बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांना आजही हेच पटेल.

ताकामात्सुच्या उच्च न्यायालयाने १९६६ मध्ये हा निकाल फिरवून खटला परत पाठवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यात ढवळाढवळ केली नाही. दुसऱ्या फेरीचा निकाल २८ नोव्हेंबर १९७३ रोजी लागला. या वेळचा युक्तिवाद वेगळ्या जागेवरून सुरू होतो. नेमकं कोणतं विष येईल, कुठल्या वाटेने येईल, हे आधी दिसायला हवं असं नाही. अन्नासाठी न बनवलेलं औद्योगिक रसायन तुम्ही बाळाच्या अन्नात घालताय. कुठल्याही प्रमाणाची हमी त्यामागे नाही. अशा वेळी 'यात काही भलतंसलतं तर नसेल?' ही धास्ती कोणाही शहाण्या माणसाला वाटायला हवी. ती वाटली की दोन वाटा आहेत. एक, प्रमाणित शुद्धतेचा माल नावाने मागवा, थोडे पैसे जास्त द्या. दोन, आलेला माल तपासा. दोन्ही केलं नाही तर तो हलगर्जीपणा.

उत्पादन विभागाच्या प्रमुखाला तीन वर्षांची कैद झाली. कारखान्याचे व्यवस्थापक तांत्रिक माणूस नव्हते म्हणून सुटले. धास्तीची ही कसोटी पुढे जपानच्या कायदेपंडितांना फार सैल वाटली. फौजदारी कायद्यात ती सर्वमान्य झाली नाही. तो आक्षेप मला समजतो. नुसत्या धास्तीवर माणसाला तुरुंगात धाडायचं म्हटलं तर कोणीच सुरक्षित नाही. पण कारखाना चालवण्याचा नियम म्हणून हीच कसोटी योग्य आहे. नेमक्या विषाचं नाव आधी ठाऊक असेल तरच तपासायचं, असं म्हटलं तर कोणतंही नवं विष पहिल्या खेपेला आत येणारच. आणि शिक्षा खटकते ती दुसऱ्या कारणाने: औद्योगिक दर्जाचं रसायन घ्यायचं आणि त्याची तपासणी ठेवायची नाही, ही पद्धत एका विभागप्रमुखाच्या डोक्यातून आलेली नव्हती.

दिवाणी दावे एप्रिल १९७३ पासून ओसाका आणि मग इतर ठिकाणी दाखल झाले होते. पालकांच्या वकिलांचं नेतृत्व कोहेई नाकाबो यांच्याकडे होतं. घरोघर जाऊन आयांचं ऐकणाऱ्या वकिलांत ते होते. दावे शेवटपर्यंत लढवले गेले नाहीत. फौजदारी निकालानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, २३ डिसेंबर १९७३ रोजी, पालकांची संघटना, कंपनी आणि आरोग्य मंत्रालय या तिघांनी एका कागदावर सह्या केल्या. कंपनीने जबाबदारी मान्य केली आणि बाधितांच्या आयुष्यभराच्या मदतीचा खर्च उचलायचं कबूल केलं. एप्रिल १९७४ मध्ये 'हिकारी क्योकाई' ही संस्था सुरू झाली आणि दावे मागे घेतले गेले.

एकरकमी भरपाई न घेता आयुष्यभराची व्यवस्था मागितली, हा पालकांचा निर्णय मला या सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. पैसे वाटले असते तर ते संपले असते, आणि आपल्यामागे या मुलाचं कसं होणार हा प्रश्न तसाच राहिला असता.

आपल्याकडचे दोन प्रश्न

जपानने नियम बदलले. १९५७ मध्ये अन्नस्वच्छतेचा कायदा कडक झाला, आणि अन्नात घालायच्या रसायनांची शुद्धता कशी असावी याचा अधिकृत ग्रंथ १९६० मध्ये निघाला. हे आधीच का नव्हतं, असं विचारायला जागा आहे. कारण पंचावन्न वर्षांपूर्वी, १९०० मध्ये, इंग्लंडच्या मँचेस्टर भागात जवळजवळ असंच घडलं होतं. बिअर बनवायला लागणारी साखर ज्या गंधकाम्लाने तयार केली, ते आर्सेनिक असलेल्या खनिजापासून बनलेलं होतं. हजारो लोक आजारी पडले आणि लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला. तिथेही मूळ पदार्थ चांगला, त्यात वापरलेलं रसायन चांगलं, आणि रसायनाच्याही मागचं रसायन वाईट.

आपल्याकडे दूध सोड्याने 'सावरणं' कोणाला नवं नाही. आंबट व्हायला आलेल्या दुधात सोडा मारून ते डॉकवर पास करून घ्यायचं, हा प्रकार पकडण्यासाठीच डेअरीत न्यूट्रलायझरची, म्हणजे आम्लता मारणाऱ्या पदार्थाची, चाचणी असते. बाहेर चर्चा होते ती भेसळ म्हणून: दुधाचा कस, ग्राहकाची फसवणूक. मोरिनागा प्रकरण वाचलं की आणखी एक प्रश्न येतो. तो सोडा कुठल्या दर्जाचा होता? चोरून घातलेल्या रसायनाला बॅच नंबर नसतो.

कायदेशीरपणे घातल्या जाणाऱ्या रसायनांचं काय? छोट्या चीज, कंडेन्स्ड दूध किंवा पावडरच्या कारखान्यात फॉस्फेट, सायट्रेट, स्टॅबिलायझर बहुतेक वेळा व्यापाऱ्याकडून येतात, आणि त्यांच्यासोबत सीओए नावाचा तपासणी-दाखला असतो. तो दाखला हातात घेऊन काही गोष्टी पाहता येतात. त्यावर बनवणाऱ्याचं नाव आहे की फक्त विकणाऱ्याचं? दाखल्यावरचा लॉट आणि पिशवीवरचा लॉट जुळतो का? आर्सेनिक आणि शिशाच्या रकान्यात आकडा आहे की नुसतं 'पास'? गेल्या चार खेपांचे दाखले शेजारी ठेवले तर चौघांत तोच आकडा दशांशापर्यंत सारखा तर नाही? तसा असेल तर तो माल कोणी तपासलेला नाही, दाखल्याची झेरॉक्स फिरते आहे. अधूनमधून एक नमुना आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणं फार महाग नाही. एका टँकरच्या दुधाच्या किमतीपुढे तर नाहीच.

मर्यादा आता पुष्कळ खाली आल्या आहेत. कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने दुधातल्या शिशाची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि बाळांच्या तयार दुधात ०.०१. आजची यंत्रं याच्याही खालचं मोजतात. भारतात बाळाच्या वरच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बंदीचं मूळ कारण स्तनपानाचं संरक्षण हे असलं तरी मोरिनागाच्या आया आठवल्या की तिचा आणखी एक अर्थ लागतो. ज्या वस्तूत बाळाचं सगळं अन्न आहे, ती वस्तू आईला पटवून विकायची गोष्ट नाही.

नंतरचा हिशेब

बाधित म्हणून नोंदलेल्यांची संख्या पुढे तेरा हजारांच्या वर गेली, कारण ज्यांची नावं १९५५ च्या यादीत आलीच नव्हती असेही लोक नंतर ओळखले गेले. ओकायामा विद्यापीठातल्या संशोधकांनी, ताकाशी योरिफुजी आणि सहकाऱ्यांनी, २०११ च्या सुमारास जिल्ह्यातल्या मृत्यूंच्या नोंदी जन्मवर्षानुसार लावून पाहिल्या. विषबाधेच्या वेळी तान्ह्या असलेल्या पिढीत यकृत, स्वादुपिंड आणि रक्ताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. काही महिन्यांच्या दुधाचा परिणाम अर्ध्या शतकानंतर मोजला जात होता.

ती पिढी आता सत्तरीत आहे. हिकारी क्योकाई अजून चालू आहे आणि खर्च कंपनीच भरते. सुरुवातीला संस्थेचं काम शिक्षण, नोकरी, उपचार असं होतं. आता ते घरी जाऊन विचारपूस करणं, कॅन्सरची तपासणी करून घेणं, आणि ज्यांना आयुष्यभर आई-वडिलांनी सांभाळलं त्या अपंग बाधितांसाठी आई-वडील गेल्यावर राहण्याची, देखभालीची आणि पैशांच्या व्यवहाराची सोय लावणं, असं झालं आहे.